न परतलेल्यांचे पान

॥ रामकृष्ण हरि ॥

सज्जनहो, माणूस मेला म्हणजे काय करावे हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, सारे ठरलेले आहे. पण जो गेला हेही नक्की नाही आणि आहे हेही नक्की नाही, त्याच्यासाठी मागे राहिलेल्याने काय करावे? वाट पाहणे हा धर्म, की वाट पाहणे सोडणे हा धर्म? आम्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या लोकांना हा प्रश्न पोथीतला नाही, दारातला आहे.

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सणाला, ‘रामदास’ नावाची आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. सणासाठी घरी येणारी अलिबागकडची माणसे तिच्यात खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ वारा आणि लाटा यांच्या माऱ्यात ती कलंडली आणि बुडाली. सहाशेंच्या वर जीव गेले. मुंबईला बातमी कळली ती दुपार उलटल्यावर. बोटीला समर्थांचे नाव होते, पण समुद्र नाव वाचत नाही. त्या वेळी मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळी बांधवांनी आपली होडकी वळवली आणि हाताला लागतील तितके लोक वर घेतले. बाकीच्यांपैकी कित्येकांचे देह पुढे किनाऱ्याला लागले. कित्येकांचे लागलेच नाहीत.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर तसेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुन्हा आषाढी अमावास्येलाच, महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या माणसांसकट नदीने गिळल्या. काही देह नदीच्या मुखापलीकडे, थेट आंजर्ल्याच्या समुद्रकाठी मिळाले. काही अजून मिळालेले नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाट पायवाटेची, यंत्रे वर चढेनात; वर पाऊस, खाली चिखल. चार दिवस शोध झाला. २७ देह निघाले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा ५७ माणसे ‘बेपत्ता’ या एका शब्दाखाली राहिली.

कोणी म्हणेल, अवस वाईट. अहो, अवसेला समुद्राला उधाण असते हे खरे, पण जुना पूल आणि पोखरलेला डोंगर तिथी पाहून कोसळत नाहीत. अवसेच्या माथी दोष मारला की माणसाने काय करायला हवे होते, हे विचारण्याची गरज उरत नाही. म्हणून ते राहू द्या.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

पाठशाळेतून बाहेर पडून मला फार दिवस झाले नव्हते. अलिबागेच्या बाजूला एका वाडीत कीर्तनाला गेलो होतो. ज्या घरी उतरलो, तिथली आजी साठीच्या पुढची. कपाळाला कुंकू, पण घरात पुरुष दिसेना. जेवायला बसलो तेव्हा माझ्या शेजारी एक पान वाढलेले, त्यावर कोणी बसले नाही. मी विचारले. नातू म्हणाला, “आजोबांचं पान. ते रामदास बोटीत होते म्हणतात.” म्हणजे पस्तीस वर्षे ते पान रोज मांडले जात होते!

तरुण वय, डोक्यात ताजे व्याकरण आणि ताजा धर्मशास्त्राचा अभिमान. मी आजीला समोर बसवून सांगितले की, देशांतरी गेलेल्याची बातमी नसेल तर बारा वर्षे वाट पाहावी, वडिलांसाठी पंधरा म्हणणारेही आहेत. त्यानंतर पळसाची तीनशे साठ पाने घेऊन पुतळा करावा, त्याला अग्नी द्यावा आणि सुतक पाळावे. “तुम्ही ते केलं नाहीत. त्यांना गती अडली ती तुमच्यामुळे.” हे शेवटचे वाक्य मी बोललो. आज ते आठवले की जीभ आखडते.

आजी रागावली नाही. म्हणाली, “बुवा, त्यांना बोटीवर चढताना कुणी बघितलं नाय. उतरताना बी कुणी बघितलं नाय. तुमच्या पोथीत त्यांना जाळायला तीनशे साठ पानं हायत. त्यांना हाक मारायला एक तरी पान हाय का?”

मी गप्प झालो. कीर्तन केले, बिदागी घेतली, निघून आलो.

खरी मौज पुढेच आहे, म्हणजे खरी लाज. असे एक पान पोथीत होते आणि ते मी वाचलेले होते! पुतळा जाळल्यावर तो मनुष्य जिवंत परत आला तर काय, याचाही विचार शास्त्रकारांनी केला आहे. त्याला तुपात बुडवून काढावे, स्नान घालावे, जातकर्मापासून संस्कार पुन्हा करावे आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. म्हणजे तो नव्याने जन्मला असे धरावे. पाहा, शास्त्राने अग्नी दिला आणि दारही उघडे ठेवले. मी अर्धे शास्त्र सांगितले. दाराचा अर्धा भाग मनातच ठेवला. अर्धे शास्त्र सांगणाऱ्यापेक्षा अडाणी बरा, तो निदान दुखवत तरी नाही.

सरकारचा कायदाही याच बेताने चालतो. सात वर्षे ज्यांना बातमी लागायला हवी होती त्यांना ती लागली नाही, तर तो मनुष्य मेला असे धरतात. ‘धरतात’ म्हणतात, ‘मेला’ म्हणत नाहीत. जिवंत आहे असे कोणी दाखवून दिले की ते धरणे सुटते. वारसाहक्क, जमीन, पेन्शन यांचे काम कुठे तरी मार्गी लागावे म्हणून ही मुदत आहे. ती कागदासाठी आहे, काळजासाठी नाही. शास्त्राची बारा वर्षे आणि कायद्याची सात वर्षे यांपैकी कोणीही आजीला “आता पान मांडू नकोस” असे सांगत नाही. ते मीच माझ्या पदरचे सांगत होतो.

मग वाट पाहणे हाच धर्म का? तेही सरसकट म्हणवत नाही. इर्शाळवाडीच्या चढणीवर मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच हृदय बंद पडून गेला. ढिगारा पुन्हा सरकला असता तर आणखी किती गेले असते! शोधणाऱ्यांचे जीवही जीवच आहेत. तेव्हा शोध थांबवणे हे कधी कधी कर्तव्य होते. पण शोध थांबवणे वेगळे आणि विसरणे वेगळे. पहिले हाताने होते, दुसरे मनाने. पहिल्याला परवानगी आहे, दुसऱ्याला नाही.

आपल्या संप्रदायात याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि श्रीचोखोबाराय इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ ची ही गोष्ट. त्या काळी वेठीच्या मजुराची मोजदाद कोण करणार? पण श्रीनामदेवराय तिथे गेले. परंपरा सांगते की त्यांनी ढिगाऱ्यातली हाडे कानाशी लावली, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली. पंढरीत महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो आणि पुढे जातो. थोडे थांबा. ढिगाऱ्यात ज्याची गणती केवळ ‘मजूर’ अशी होती, त्याला नामदेवरायांनी नावाने शोधले. आकडा पुरला जातो, नाव पुरले जात नाही, एवढा बोध मी त्यातून घेतो.

कोणी म्हणतात, “प्रारब्ध होते, गेले.” स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणावे, त्यात शांती आहे. दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणे हा आळस आहे. त्या कोळ्यांनी प्रारब्ध म्हणून होडकी पुढे हाकली असती तर वाचलेले वाचले नसते.

वारकऱ्यांना हे निराळे सांगायला नको. दिंडीत मुक्कामाला पोचल्यावर माणसे मोजतात. एखादी म्हातारी मागे राहिली तर पंगत अडते, कोणी तरी कंदील घेऊन उलट चालत जातो. ती सापडेलच असे नाही. पण तिच्या नावाने हाक गेली पाहिजे.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या वाडीत गेलो. ते अर्धे पान सांगायचे राहिले होते. आजी नव्हती. नातवाने सांगितले, “शेवटच्या वर्षी आजीनं एकदा विचारलं, ते बुवा परत आले का?” म्हणजे तिने माझीही वाट पाहिली होती.

तेव्हापासून आषाढी अमावास्येला कीर्तन उभे राहिले की आरतीच्या आधी मी श्रोत्यांना विचारतो, तुमच्यापैकी कोणाचे माणूस परतलेले नाही? ज्याला वाटेल तो नाव सांगतो. मेला म्हणत नाही, आहे म्हणत नाही. नाव घेतो आणि विठ्ठलाच्या पायी ठेवतो. घरात कोणी पान मांडत असेल तर मांडू द्या. कोणी अग्नी देऊन मोकळा झाला असेल तर त्यालाही बोल लावू नका. दोघांनाही पोथीत जागा आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!