गळा कोणाच्या हाती द्यायचा

थायरॉइडच्या गाठीची एक सोय आहे: ती सहसा घाई करत नाही. या ग्रंथीचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग, पॅपिलरी, बहुधा सावकाश वाढतो. म्हणजे सर्जन शोधायला काही आठवडे मिळतात. आमच्याकडे डोंबिवलीत सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला आणि ते आठवडे नातेवाइकांनीच वाटून घेतले. दिरांचे ठाम मत, "वहिनी, मोठं ऑपरेशन म्हणजे परळ." जाऊबाईंचे म्हणणे, घराजवळच करा, डबा तरी वेळेवर पोचेल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, पण चर्चा इमारतींची चालली होती. सर्जनचे नाव कुणीच काढत नव्हते.

परळचा दबदबा उगीच नाही. टाटा मेमोरियल १९४१ पासून तिथे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटरही तिथलेच; शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन घ्यायला कल्याण-डोंबिवलीची कितीतरी माणसे तिकडे जात आली आहेत. पण आयोडीन सगळ्यांनाच लागत नाही, आणि गळा उघडणारा हात ही आयोडीनपेक्षा वेगळी बाब आहे.

या ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते, दोन्ही बाजूंना एकेक, दोऱ्यासारखी बारीक. शेजारीच रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, बहुतेकांना चार. हे सगळे जागच्या जागी ठेवून ग्रंथी तेवढी काढायची. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर हे काम इतके सावकाश आणि रक्तस्राव टाळून करीत, की एकेकाळी जीवघेणी मानली जाणारी ही शस्त्रक्रिया त्यांच्या हाती सुरक्षित झाली. १९०९चे नोबेल त्यांना थायरॉइडच्या कामाबद्दलच मिळाले. यात हात बसतो तो सरावाने. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वर्षाला पंचवीसहून अधिक थायरॉइड काढणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांना गुंतागुंत कमी झाल्याचे दिसले.

मग सरळ विचारायचे, "डॉक्टर, वर्षाला अशा किती करता?" लिहायला सोपे आहे. आपल्याकडे डॉक्टरांना आकडा विचारणे म्हणजे त्यांच्या पदवीवर शंका घेणे. एका ठिकाणी मला उत्तर मिळाले, "विश्वास असेल तर या." मी शाळेत शिकवते, पन्नास-साठ मुलांपुढे आवाज लावते, नुसत्या विश्वासावर तो आवाज गहाण टाकायची माझी तयारी नव्हती. ठाण्यातल्या दुसऱ्या सर्जननी मात्र रिपोर्टच्या पाकिटावर पेनने ग्रंथी काढली, नस कुठून जाते ती रेघ ओढली, आपला आकडा सांगितला, आणि किती जणांचा आवाज काही दिवस बसला, कितींचा कायमचा, हेही न विचारता सांगितले. माझी निवड तिथेच झाली.

तयारी म्हणजे पोटाचा उपास आणि मंगळसूत्र घरी ठेवणे एवढीच नव्हे. त्यांनी आधी कानघशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यायला लावले. एका बाजूचा आधीच अधू असेल तर शस्त्रक्रियेचा बेत बदलावा लागतो. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व तपासले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, म्हणाले. आणि मुख्य प्रश्न: अर्धी काढायची की पूर्ण? अर्धी राहिली तर अनेकांना गोळीशिवाय भागते. पूर्ण गेली तर थायरॉक्सिन जन्मभर, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. हे टेबलावर जाण्यापूर्वी समजून घ्यावे.

जाऊबाईंचा मुद्दा खरा ठरला तो नंतर. पूर्ण ग्रंथी काढल्यावर कॅल्शियम घसरते ते बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांत. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. तेव्हा माणूस घरी आलेला असतो. रात्री दहाला शीळफाटा पार करत ठाणे गाठण्यापेक्षा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना आधीच सगळे कागद दाखवून ठेवलेले बरे.

दुसरे मत घ्यायचे असेल, तर सुईच्या तपासणीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून काचेच्या स्लाइडही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना त्या स्वतः पाहायच्या असतात.