नाव ठाऊक असणे पुरेसे आहे काय?

परिचर्येचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी आरंभीच एक नियम शिकते. डॉक्टरांच्या आदेशावाचून रुग्णाला औषध द्यावयाचे नाही. आणि देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ या पाचही गोष्टी पडताळून पाहावयाच्या. परंतु वसतिगृहात स्वतःचा घसा दुखू लागला, की तीच विद्यार्थिनी पुष्कळदा मैत्रिणीजवळ उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेते आणि बरे वाटताच थांबते.

तिला दोष देण्याची घाई करू नये. रात्रपाळी असते, हजेरी बुडण्याची धास्ती असते. शिवाय औषधाचे नाव तिला ठाऊक असते. मात्र नाव ठाऊक असणे म्हणजे निदान करता येणे नव्हे. घसादुखी बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काहीच उपयोग होत नाही.

‘शरीर माझे, धोकाही माझाच,’ असे यावर कोणी म्हणेल. या युक्तिवादातील उणीव पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात दाखवून दिली. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू पत्नीला जडतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध निष्फळ ठरते आणि ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण, असे विचारून फ्लेमिंग यांनी त्या पतीकडेच बोट दाखविले.

आता पत्नीच्या जागी वॉर्डातील रुग्ण ठेवून पाहा. औषधाला सरावलेला जंतू परिचारिकेच्या हातांवाटे नवजात बालकाच्या पाळण्यापर्यंत पोहोचू शकतो. मग धोका एकटीचा कसा उरला?

आपल्या देशात २०१३ साली औषधनियमांत ‘एच-१’ ही अनुसूची आली. तीमधील प्रतिजैविके विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवून ठेवावे लागते. पण कायदा दुकानाच्या फळीपाशी थांबतो; वसतिगृहातील डब्यापर्यंत तो पोहोचत नाही. तेथे सदसद्विवेकबुद्धीच हवी.

तिची जोपासना एकट्या विद्यार्थिनीवर सोपवून चालणार नाही. आजारी मुलीला निर्धास्तपणे रजा व तपासणी मिळेल, हे संस्थेने पाहावे. आणि सुट्टीत घरी आलेल्या लेकीला ‘कोणती गोळी घेऊ ग?’ असे विचारणाऱ्या आईवडिलांनीही थोडे थांबावे. ‘आधी डॉक्टरांना दाखवा,’ असे ती म्हणाली, तर तिचे शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.