विद्येला आचाराची जोड

विद्या हे बुद्धीचे भूषण होय. परंतु आचाराविना तीच अहंकाराचे इंधन ठरते. सराळ्याचे पंडित म्हाइंभट विद्येचा अभिमान घेऊनच सर्वज्ञांच्या सन्निधानी आले. तेथे तो अभिमान गळाला. पुढे शके १२०० च्या सुमारास लीळांचे संकलन करताना, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन त्यांनी ते विचारून घेतले. पांडित्य तेच, पण आता ते सत्याच्या सेवेस लागले.

मालवण तालुक्यातील आचरा येथे काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुरेढोरे घेऊन तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. देवतेच्या कौलाचा विचार बाजूस ठेवला, तरी जातिधर्माचा भेद न मानता सर्वांनी पाळलेला एक नियम मुले तेथे डोळ्यांनी पाहतात. हा धडा पाटीवर लिहून येत नाही.

शाळेतही तसेच आहे. परीक्षेत नक्कल न करणे, मागे पडलेल्या सोबत्यास शिकविणे, मुक्या जिवास दगड न मारणे, यांना गुणपत्रिकेत रकाना नसतो. गुरुजी आणि आईबाप स्वतः तसे वागले, तरच ते मुलांच्या अंगी उतरते. ‘आचरा’ हे गावाचे नाव. तोच शब्द आज्ञाही आहे. शिकविण्यापूर्वी ती वडीलधाऱ्यांनी पाळावी.