दाराशी उभा राहिलेला वीर

दिवाळीच्या दिवसांत कोणी गंभीर विषय काढला, की चिवड्यात खडा लागल्यासारखे वाटते, हे मला ठाऊक आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की मी एका खेळाविषयी लिहिणार आहे.

हा खेळ संगणकावरचा. नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. तो २००४ साली निघाला, आणि २०१९ साली त्याचे जुने रूप हौशी मंडळींसाठी पुन्हा खुले झाले. देशोदेशीची माणसे एकाच काल्पनिक मुलखात एकाच वेळी वावरत असतात. प्रत्येकाचा एक वीर असतो. तो पहिल्या पायरीवर जन्माला येतो. लांडगे मारीत, निरोप पोचवीत, अनुभवाचे गुण साठवीत साठाव्या पायरीपर्यंत चढतो. 'अनुभवाचे गुण' हे शब्द प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. अनुभवालाही गुण द्यायचे, ही कल्पना आम्हा मास्तरांपैकीच कुणाची तरी असणार, असे वाटले!

या नादाला मला लावले माझ्या भाच्याने. तो पुण्यात इंजिनिअर आहे. मी तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. खेळातही तोच प्रकार. तो साठाव्या पायरीवरचा जादूगार आणि मी कसाबसा सोळाव्या पायरीला पोचलेला तलवारबहाद्दर.

"मामा, तुम्ही असे रखडत कधी येणार? चला, मी तुम्हाला वर नेतो," तो एका रविवारी म्हणाला.

खेळातल्या राजधानीच्या पोटात एक तुरुंग आहे. तिथल्या कैद्यांनी बंड केलेले असते. पाच जणांनी मिळून, एकमेकांना सांभाळत ते मोडावे, अशी योजना. भाचा एकटाच आत शिरला. सारे बंडखोर त्याने आपल्या मागे धावायला लावले, एका जागी गोळा केले आणि त्यांच्यावर बर्फाचा वर्षाव करून सगळ्यांना एकदम आडवे केले. मला आज्ञा एकच होती: "मामा, दाराशी उभे राहा. काही करू नका."

मी काही केले नाही. चहा पीत बसलो. सोबती फार वरच्या पायरीचा असला, की प्रत्येक शत्रूमागे मिळणारे गुण घटतात. पण इथे शत्रूच इतके पडत होते, की घटलेल्या गुणांचीही रास झाली. तीन रविवारांत मी अठ्ठाविसाव्या पायरीवर होतो. खोटे कशाला सांगू? मला फार बरे वाटले. आयुष्यात इतक्या भराभर मी कधीच कुठे चढलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात भाच्याला सवड नव्हती. मी चार अनोळखी माणसांबरोबर एका भुयारात गेलो. तलवारबहाद्दराने पुढे राहून शत्रूचे वार अंगावर घ्यायचे आणि बाकीच्यांना वाचवायचे, ही तिथली रीत. मी पुढे झालो, तलवार उगारली, आणि वार हुकला. दुसरा हुकला. तिसराही. शत्रू मला ओलांडून मागे गेले. आमच्या जखमा भरून काढणारा गडी सर्वांत आधी पडला. पाठोपाठ आम्ही सगळेच पडलो. एकाने इंग्रजीत विचारले, "तुला कुणी इथवर उचलून आणले काय?"

मी उत्तर दिले नाही. नंतर कारण शोधले. या खेळात पायरीचा हिशेब निराळा आणि तलवारीच्या हाताचा निराळा. हात फक्त वार करण्यानेच वाढतो. पायरीच्या पाचपट ही त्याची मर्यादा. म्हणजे अठ्ठाविसाव्या पायरीवर तो १४० पर्यंत जाऊ शकतो. माझा होता ७८. सोळाव्या पायरीवर होता तेवढाच! दाराशी उभे राहून मी बारा पायऱ्या चढलो. हात तिथेच राहिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खेळात हरलो म्हणून नव्हे. एक मुलगा आठवत राहिला.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारा माझा एक विद्यार्थी. मुलगा गुणी, पण हात मंद. वर्ग पुढे निघून जाई आणि हा पहिल्याच रेघेपाशी अडून बसे. मला त्याची दया येई. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेई, दोन रेघा मारून देई, मग तो पुढचे चित्र नीट पुरे करी. त्याची वही सुरेख दिसू लागली. त्याचे वडील शाळेत येऊन माझ्या पाया पडले. परीक्षेत स्मरणचित्राचा कागद त्याने जवळजवळ कोराच दिला. मी रागावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, पहिली रेघ नेहमी तुम्हीच मारता ना."

पुढच्या वर्षी त्याने चित्रकला सोडली.

मग ज्याला येते त्याने, ज्याला येत नाही त्याच्यासाठी थांबून राहावे काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भाच्याला दिवसाकाठी एखादा तास मोकळा मिळतो, आणि त्याच्या पायरीचे सोबती त्याची वाट पाहत असतात. माझ्या वर्गात चाळीस मुले होती. एकासाठी थांबणे म्हणजे एकोणचाळीसांना थांबवणे. मदतीत घाई शिरते ती दुष्टपणाने नव्हे. वेळ कमी असतो म्हणून शिरते.

असे खेळ रचणाऱ्यांनाही हा पेच पडलेला आहे. २००४ सालीच निघालेल्या 'सिटी ऑफ हीरोज' या खेळात बलवान वीर दुबळ्याला आपला शागीर्द करून घेऊ शके. गुरूच्या जवळ असेपर्यंत शागिर्दाचे बळ गुरूच्या जेमतेम एक पायरी खाली येई; पण विद्या त्याची स्वतःची, होती तेवढीच राही, आणि लढावे त्यालाच लागे. 'फायनल फँटसी इलेव्हन' या जपानी खेळाने २००८ साली उलटा मार्ग काढला. तिथे बलवानच तेवढ्यापुरता खाली उतरतो. त्याच्या शस्त्रांचे तेजही तेवढेच उतरते. रीती दोन, पण दोहोंतही दुबळ्याच्या हातची तलवार कुणी काढून घेत नाही. मी त्या मुलाची पेन्सिल काढून घेतली होती.

हे सारे मी भाच्याला फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही मला सायकल शिकवलीत ना, तेव्हा नुसते शेजारून धावत होता." मी ते विसरून गेलो होतो.

आमच्या या खेळात वर चढवण्याची वा खाली उतरण्याची अशी सोय नाही. म्हणून त्याने नवा वीर काढला, पहिल्या पायरीवरचा. मीही काढला. आता दर मंगळवारी रात्री तो तास माझा असतो. त्या दिवशी त्याचे जुने सोबती त्याच्यावाचून लढाईला जातात. ते थोडे कुरकुरतात, असे त्याने एकदाच सांगितले. तो मार्ग दाखवतो, चुकले की हसतो, आणि माझा वार हुकला तर थांबतो.

परवा आम्ही हॉगर नावाच्या एका तरसतोंड्या राक्षसापुढे उभे राहिलो. नवख्यांचा काळच तो! त्याने आम्हा दोघांना दोनदा लोळवले. तिसऱ्या खेपेस तो पडला. शेवटचा वार कुणाचा, यावर आमचे अजून भांडण चालू आहे.

तो मुलगा आता कुठे असतो, मला ठाऊक आहे. गावातच त्याचे किराणा दुकान आहे. या दिवाळीत त्याच्याकडे जाऊन बसावे, असे मनात आहे. दुकानाची पाटी फार जुनी झाली आहे. नवी रंगवू या, असे म्हणेन. ब्रश मात्र त्याच्या हाती देईन, आणि पहिल्या रेघेला लागेल तेवढा वेळ मी शेजारी उभा राहीन.