वानप्रस्थाला १०८ नंबर नसतो

आमच्या ह्यांना निवृत्त झाल्यापासून एकांत हवा आहे. खोपोलीच्या कारखान्यात उभा जन्म तीन पाळ्यांत गेला. आता कोंदिवड्याच्या बाजूला असलेलं वडिलार्जित घर दुरुस्त करायचं, सकाळी नदीवर जायचं, दुपारी ज्ञानेश्वरी वाचायची आणि संध्याकाळी राजमाचीकडे तोंड करून ओट्यावर बसायचं, असा त्यांचा बेत आहे. माझं म्हणणं, कर्जतच्या दहिवलीतला फ्लॅट सोडायचा नाही. भांडताना दोघंही शास्त्राचा आधार घेतो, म्हणून भांडण मिटत नाही.

हे गीतेचा तेरावा अध्याय काढतात. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंतांनी एकांतात राहणं आणि माणसांच्या गर्दीची ओढ नसणं, ही दोन्ही धरली आहेत. ते खोडून काढणं मला जमणार नाही. मग मी चाणक्याच्या नावावर चालणारं सुभाषित पुढे करते. श्रीमंत, वेद जाणणारा, राजा, नदी आणि वैद्य हे पाच जिथे नाहीत तिथे एक दिवससुद्धा राहू नये, असा त्याचा अर्थ. कर्जतला उल्हास नदी आहे, तालुक्याच्या कचेऱ्या आहेत, डॉक्टर आहेत आणि श्रीमंत म्हणाल तर बिल्डर पुष्कळ झालेत. वेद जाणणाऱ्याची हमी मी देत नाही. पण तो कोंदिवड्यातही बसलेला नाही.

आमच्या भजनी मंडळात तिसरंच ऐकायला मिळतं. मन शांत असलं की स्टेशनही हिमालय आणि मन अशांत असलं की हिमालयही स्टेशन! हे बोलणाऱ्यांची घरं कर्जत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून मी नोकरीची निम्मी वर्षं कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये काढली. ओढ्याला पाणी आलं की शाळा बंद आणि दवाखानाही बंद, असे पावसाळे पाहिले. बाळंतीण डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलेली पाहिली. जागेनं काही बिघडत नाही, हे वाक्य त्या डोलीमागून चालताना कुणाच्या तोंडून निघणार नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर आमच्याच भागात दगडात कोरलेलं आहे, आणि ह्यांच्या घराच्या वाटेवरच. कोंदिवड्याहून पुढे कोंढाण्याच्या लेण्यांना जाता येतं. राजमाचीच्या पायथ्याच्या रानात दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आणि विहार आहे. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरून धबधबा पडतो. सहलीला आलेला प्रत्येक जण म्हणतो, काय जागा शोधली भिक्षूंनी, जगापासून किती लांब! मला तसं वाटत नाही. डोक्यावर बोरघाट आहे. कोकणातल्या बंदरांचा माल ज्या वाटांनी देशावर चढायचा, त्या इथूनच जात. भिक्षेवर जगणारा माणूस वस्तीपासून तुटून राहूच शकत नाही. रोज सकाळी पात्र घेऊन जाऊन परत यायला जमेल एवढंच अंतर त्याला परवडतं. विनयपिटकात बिंबिसार राजाची गोष्ट आहे. बुद्धांना राहायला जागा कुठे द्यावी, असा विचार तो करतो. गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सोयीची हवी, दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. मग तो वेळुवन देतो. आज फ्लॅट बघायला निघालेलं कुटुंब याहून वेगळं काय मागतं? मात्र त्यात एक अट अशी आहे जी आपण मागत नाही. लोकांना त्यांच्यापर्यंत पोहोचता यावं, ही. जागा निवडताना, मला काय मिळेल याबरोबरच माझ्याकडे कोण येऊ शकेल, हेही तिथे मोजलेलं आहे.

हा सगळा भाग सध्या एकांत विकतोय. मुंबईची माणसं फार्महाऊस बांधतात, फाटकावर कुठल्या तरी आश्रमाला शोभेल असं नाव लावतात आणि शनिवारी रात्री स्पीकर लावून एकांत साजरा करतात. तो बंगला सांभाळणारं कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाईल की राहील, हे त्या वर्षीच्या उचलीवर ठरतं. गावात राहायचं की शहरात, हा प्रश्न पडायलाही आधी पायाखाली जमीन लागते.

इर्शाळवाडीचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर खालापुरात बोलता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. वर रस्ता नव्हता. जेसीबी नेता येईना, माणसं पावसात चिखलातून चालत चढली आणि हातांनी माती उपसू लागली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढता चढताच हृदयविकारानं गेले. तिथल्या लोकांनी ती जागा शांततेसाठी निवडलेली नव्हती. त्यांचं रान, त्यांची शेतं, त्यांचे देव तिथे होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण ज्याला पर्याय आहे, त्यानं त्या चढाकडे बघून एक हिशोब करायला हवा: मी अडचणीत आलो, तर कुणाच्या छातीवर भार पडणार?

म्हणून मी वानप्रस्थाच्या गोष्टी ऐकत असताना ह्यांना थांबवते. जुन्या काळी वानप्रस्थाला निघालेला माणूस वैद्यावरचा आणि मुलांवरचा आपला हक्क सोडून निघत असे. आजारी पडलो तर परत आणा, अशी सोय त्यात नव्हती. तुम्हाला मधुमेह आहे, सासूबाईंना धरून उठवावं लागतं, आणि रान हवं ते १०८ नंबरची ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येईल असं. मग त्याला वानप्रस्थ म्हणू नका, हवापालट म्हणा. हवापालट करायला मलाही आवडेल. पण रात्री दोन वाजता नेटवर्क नसताना तुम्हाला उचलायला शेजारची चार पोरं येतील. त्या पोरांना सकाळी कामावर जायचं असतं. आपली शांती त्यांच्या खांद्यांवर उभी करायची आणि तिला अध्यात्म म्हणायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. पुंडलिकाची गोष्ट आपण वर्षातून दोनदा वारीत आठवतो. देव दाराशी आला तरी तो आईबापांजवळून उठला नाही. सासूबाईंना कोंदिवड्याला न्यायचं, तर त्यांच्या डॉक्टरालाही न्यायला हवं.

यावर ह्यांचा बिनतोड सवाल: मग शिकल्या-सवरल्या माणसानं खेड्यात जायचंच नाही का? जायचं. भाई कोतवाल गेले की. १९१२ साली माथेरानला जन्मलेला हा माणूस वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपनगराध्यक्ष झाला. तिथेच थंड हवेत सुखानं राहता आलं असतं. ते कर्जत तालुक्यातल्या खेड्यांत उतरले, शाळा काढल्या, आणि सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्य कोठी उभी केली. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता घेऊन रानात राहिले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह गोळीला बळी पडले. जंगलातच राहिले तेही, पण जंगलाकडे काही मागायला गेले नव्हते.

पंचवीस-तिशीची नर्स किंवा मास्तर मला विचारायला आला, तर मी सांगेन, आधी कशेळे-खांडसच्या पुढची वाडी बघ, स्टेशनजवळची खोली नंतर. तिथे तुझ्यामुळे कुणाची तरी डोली वाचेल. साठीच्या माणसाला मात्र मी उलटा सल्ला देते. देण्यासारखं जोवर अंगात आहे तोवर खेड्यात राहा. घ्यायची वेळ आली की रस्त्याजवळ या, तेही जमेल तेवढं आधी.

कोंदिवड्याच्या घराची कौलं आम्ही यंदा बदलून घेतोय. दिवाळीनंतर ते एका अंगणवाडी सेविकेला राहायला द्यायचं ठरलंय, भाडं नावापुरतं. ह्यांची ज्ञानेश्वरी दहिवलीतच राहील. राजमाची आमच्या गच्चीवरून दिसत नाही, त्याला माझा इलाज नाही.