तारा घरावर थांबला



आज प्रकटीकरणाचा सण. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात तीन राजांचा सण. नाताळगोठ्यात आज तिन्ही राजे उंटांसह येऊन पोहोचले आहेत. ओटीवरची चांदणी मात्र येत्या आठवड्यात उतरेल आणि वर्तमानपत्रात गुंडाळून वर्षभरासाठी माळ्यावर जाईल. ती माळ्यावर जाण्याआधी तिच्याविषयी थोडे बोलू या.

संत मत्तयने सांगितलेली कथा आपल्याला पाठ आहे. पण एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ताऱ्याची बातमी एकच होती, पण तिचे परिणाम दोन झाले. ज्ञानी लोक तारा पाहून आनंदले आणि वाटेला लागले. हेरोद राजा बातमी ऐकून घाबरला, आणि त्या भीतीपायी पुढे बेथलेहेमच्या निष्पाप बाळांचे रक्त सांडले. आणखी एक तिसरा गट होता, शास्त्र्यांचा. मसीहा कुठे जन्मणार हे त्यांना ग्रंथांतून ठाऊक होते. त्यांनी उत्तर अचूक दिले, पण त्यांच्यापैकी कोणी उठून बेथलेहेमला गेल्याचे मत्तय सांगत नाही. आकाशाकडे पाहून आनंदणारे, घाबरणारे आणि मान वर न करणारे असे तीन प्रकारचे लोक त्या कथेत आहेत. आपण आपल्या मुलांना यांपैकी कोणासारखे वाढवतो आहोत?

हा प्रश्न विचारण्याआधी आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी याच सणाच्या सुमारास धर्मशिक्षणाच्या वर्गात चौथीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “फादर, ज्ञानी लोकांचा तो तारा आता कुठे आहे? मी काल रात्री गच्चीवर जाऊन शोधला.” वर्ग हसला. आम्ही म्हणालो, “खाली बस बाळा, देवाच्या गोष्टींत असे विचारायचे नसते.” तो बसला. त्याचे पहिले ख्रिस्तशरीर झाले, दृढीकरण झाले, पण त्याने आम्हाला पुन्हा कधीही प्रश्न विचारला नाही. खरे कारण सांगायचे तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत नव्हते, आणि ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणायची आम्हाला लाज वाटली. साऱ्या वर्गात त्या ताऱ्याचा शोध घेणारा एकच ज्ञानी होता, आणि आम्ही त्याला खाली बसवले.

धर्मोपदेशकाने अर्धवट माहितीवर बोलल्याने काय होते याची एक खरी हकिकत आहे. ती हॉलंडमधील फ्रानेकर या गावची. १७७४ साली मे महिन्यात चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आकाशात एकमेकांजवळ दिसणार होते. त्या भागातल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने पुस्तिका काढली, की या ग्रहांच्या ओढीने पृथ्वी आपल्या मार्गावरून ढळेल आणि सूर्यात जाऊन जळेल. लोक भयभीत झाले. ८ मे उजाडला आणि मावळला. काहीही झाले नाही.

त्याच गावात आइसे आइसिंगा नावाचा एक तरुण राहत असे. लोकर विंचरण्याचा त्याचा धंदा होता. गणित आणि खगोलशास्त्र तो स्वतःच शिकला होता. घाबरलेल्या लोकांची थट्टा करत बसण्यापेक्षा त्यांना खरे काय ते दाखवावे असे त्याला वाटले. त्याने आपल्या राहत्या घराच्या छतावर सूर्यमाला उभी करायला घेतली. दिवसा धंदा आणि उरलेल्या वेळात छत, असे काम सात वर्षे चालले. १७८१ साली ते पुरे झाले. निळ्या रंगवलेल्या छताच्या मध्यभागी सूर्य, आणि त्याच्याभोवती शनीपर्यंतचे ग्रह. छताच्या वर लाकडी चाके व खिळ्यांचे दाते, आणि ते सारे फिरवणारे लंबकाचे घड्याळ. दहा लाख किलोमीटरसाठी एक मिलीमीटर असे त्याने माप धरले. छतावरची पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी खऱ्या पृथ्वीप्रमाणेच एका वर्षात पुरी करते. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. ते घर आजही उभे आहे, छत आजही चालते आहे, आणि २०२३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला.

बंधुभगिनींनो, भीती धर्मोपदेशकाच्या लेखणीतून पसरली आणि तिला उत्तर एका सामान्य माणसाच्या घरातून मिळाले. आम्हा धर्मगुरूंना ही गोष्ट टोचते आणि ती टोचलीच पाहिजे. पण आई-वडिलांना तिने धीर द्यावा. मुलांना आकाशाची ओळख करून द्यायला मोठी पदवी लागत नाही, आपले घर पुरते.

ही भीती परदेशाची किंवा जुन्या काळाची आहे असे समजू नका. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना १९६२ सालची अष्टग्रही आठवत असेल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मकर राशीत ग्रह एकत्र येणार म्हणून देशभर जगबुडीची हूल उठली होती. जग बुडाले नाही. २१ डिसेंबर २०१२ लाही तेच झाले. आजही मोबाइलवर ‘तीन दिवस अंधार पडणार, मेणबत्त्या आशीर्वादित करून ठेवा’ असे निरोप फिरतात, आणि मिस्साला येणारी माणसेच ते पुढे पाठवतात. ग्रहणात गरोदर सुनेला सुरीला हात लावू न देणारी घरे आपल्याही धर्मग्रामात आहेत. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांना आकाशातल्या चिन्हांची धास्ती घेऊ नका असे बजावले होते. ज्याने आकाश निर्माण केले तो आपला पिता आहे असे मानणाऱ्याने आकाशाला भ्यावे कशाला?

मग घरात करायचे काय? हल्ली छतावर तारे पाडणारे विजेचे यंत्र मिळते. २००५ साली जपानच्या ताकायुकी ओहिरा यांनी खेळण्यांच्या एका कंपनीसाठी असे घरगुती तारांगण तयार केले होते. ज्यांना परवडते त्यांनी जरूर आणावे. पण त्याहून स्वस्त तारांगण आपल्या प्रत्येकाच्या दाराआड टांगलेले आहे. ते म्हणजे आपली काळी छत्री.

आठ काड्यांची मोठी छत्री घ्या आणि बाजारातून रेडियमच्या चांदण्यांचे एक पाकीट आणा. छत्री उघडून आतून पाहा. दांडा जिथे कापडाला भिडतो तो ध्रुवतारा. तिथून एका काडीवर ३० सेंटीमीटर अंतरावर एक चांदणी चिकटवा आणि त्याच ओळीत बाहेरच्या बाजूला आणखी ६ सेंटीमीटरवर दुसरी. सप्तर्षींतले हे पहिले दोन तारे. त्यांच्यातील अंतराच्या पाचपट पुढे गेले की ध्रुव सापडतो, म्हणून हे माप. उरलेले पाच तारे नकाशा पाहून लावा. त्यांची शेपूट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जवळजवळ पुढच्या काडीपर्यंत जाते. ध्रुवाच्या पलीकडे, समोरच्या बाजूला, शर्मिष्ठेचे पाच तारे लावा. एकूण बारा चांदण्या झाल्या.

आता खोलीत अंधार करा. दांडा उत्तरेकडे रोखा, पण आडवा नको, थोडा वर उचललेला हवा. किती वर? हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. आपली वसई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर आहे, म्हणून आपला ध्रुवही क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर. आता छत्री घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. एक पूर्ण फेरी म्हणजे सुमारे चोवीस तास. एका काडीच्या जागी दुसरी काडी आली की तीन तास सरले. सप्तर्षी वर चढतात तेव्हा शर्मिष्ठा खाली उतरते, आणि ती वर आली की ते खाली जातात. दांड्यावरचा ध्रुव तेवढा जागचा हलत नाही. मग मुलांना सांगा, की खरे म्हणजे फिरते ती आपली पृथ्वी. आपण पृथ्वीवर बसलेलो म्हणून आकाश फिरल्यासारखे दिसते.

हे झाले की छत्री मिटा आणि मुलांना बाहेर न्या. तारांगण घरात असते ते घराबाहेर पडण्यासाठी. या आठवड्यात रात्री आठ वाजता उत्तरेला शर्मिष्ठा उंच दिसेल. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, पूर्वेला रोहिणी, तिच्याखाली मृगाचे तीन तारे ओळीत, आणि आग्नेयेला झगझगीत व्याध. सप्तर्षी मात्र मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण वर येतील. ध्रुव नारळीच्या झावळ्यांआड लपला असेल तर समुद्रकिनाऱ्यावर जा. आजोबांना सोबत न्या. मृग लागला की भातपेरणीची घाई करणारे शेतकरी आणि ताऱ्यांच्या खुणेने होडी किनाऱ्याला लावणारे मच्छीमार आपलेच पूर्वज होते. ही विद्या आपल्या घरातलीच होती, दिव्यांच्या झगमगाटात आपण ती हरवली.

कोणी विचारील, फादर, याने मुलांची श्रद्धा ढळणार नाही ना? आमचे म्हणणे असे, की श्रद्धा प्रश्नाने ढळत नाही, प्रश्न दाबल्याने ढळते. ख्रिस्तसभेनेही हा धडा चुकतमाकत घेतला आहे. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरवले गेले, आणि १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती चूक उघडपणे मान्य केली. त्याच ख्रिस्तसभेत कोपर्निकस हा कॅथेड्रलचा कॅनन होता. विश्व प्रसरण पावते आहे हे १९२७ साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी व्हॅटिकनची वेधशाळा नव्याने उभी केली, आणि २०२५ साली तिची धुरा गोव्याच्या एका येशूसंघीय धर्मगुरूकडे, फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आली.

त्या मुलाला आज आम्ही काय उत्तर दिले असते? आम्ही म्हणालो असतो, “बाळा, तो तारा नेमका कोणता हे कोणालाच ठामपणे सांगता आलेले नाही. केपलर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने त्याच्याआधी झालेल्या गुरू आणि शनीच्या युतीचा विचार केला, कोणी धूमकेतू म्हटले. तू शोधत राहा. आज रात्री आम्हीही तुझ्याबरोबर गच्चीवर येतो.” एवढे पुरले असते. अब्राहामालाही देवाने तंबूच्या बाहेर नेले आणि तारे मोजायला सांगितले. ते मोजून संपणार नाहीत हे देवाला ठाऊक होते. मोजता मोजता अब्राहामाची मान वर राहिली, आणि त्याचा विश्वास बसला.

म्हणून आई-बाबांनो, या आठवड्यात एका रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी टीव्ही आणि दिवे बंद करा. छत्री उघडा. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत असेल तर द्या, येत नसेल तर ‘ठाऊक नाही, मिळून शोधू’ असे म्हणा. मग त्याच अंधारात एकमेकांचे हात धरून आमच्या बापाची प्रार्थना म्हणा. स्वर्ग हा शब्द त्या रात्री तुम्हाला वेगळा ऐकू येईल.

मत्तय सांगतो, की ज्ञानी लोक घरात गेले आणि तिथे त्यांना बाळ व त्याची आई दिसली. इतक्या दूरचा तो तारा शेवटी राजवाड्यावर थांबला नाही, मंदिरावरही थांबला नाही. तो एका घरावर थांबला. तो आपल्याही घरावर थांबो.

हे आकाशाच्या निर्मात्या, आमच्या मुलांचे डोळे वर ठेव आणि आमच्या मनांतली भीती काढून टाक. आणि ज्या मुलाला आम्ही खाली बसवले, त्याला पुन्हा उभे राहण्याचे बळ दे. आमेन.