तास कोणाचा मोजायचा?

विद्यापीठाच्या कोणत्याही नव्या अभ्यासक्रमाचे पान उघडले की वरच्या चौकटीत तीन आकडे बहुधा दिसतात: श्रेयांक 2, तासिका 30, गुण 50. खाली पहिला घटक, 15 तासिका. दुसरा घटक, 15 तासिका. मग संदर्भग्रंथांची यादी. प्राध्यापकाने वर्गात किती तास शिकवायचे हे या पानावरून नेमके कळते. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर काय करायचे आणि त्याला किती वेळ द्यायचा, याविषयी बहुतेक पाने गप्प असतात. श्रेयांक मात्र जमा होतो विद्यार्थ्याच्या खात्यावर. ही विसंगती नव्या शैक्षणिक धोरणाने आणली असा समज आहे. तिचे मूळ फार जुने आहे, आणि ते अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या पेन्शनीपर्यंत जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकी कॉलेजात सगळ्यांना जवळपास एकच ठरीव अभ्यासक्रम असे. तो पुरा केला, परीक्षा दिली की पदवी. मोजमापाचा प्रश्नच नव्हता. चार्ल्स एलियट 1869 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढची चाळीस वर्षे त्यांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य वाढवत नेले. एकाने ग्रीक घेतले, दुसऱ्याने रसायनशास्त्र, तर दोघांची पदवी सारखी कशी ठरवायची? निवड आली की समान माप लागते. श्रेयांकाची गरज अशी स्वातंत्र्याच्या पोटी जन्मली, हे आज त्याच्यावर टीका करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

माप मात्र ठरले वेगळ्याच वाटेने. 1905 मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसा वाटण्यासाठी कार्नेगी फाउंडेशन उभे राहिले. हेन्री प्रिचेट त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांच्यापुढे लगेच प्रश्न आला: खरे कॉलेज कोणते आणि नुसत्या नावाचे कोणते? त्या काळी हायस्कूलच्या वकुबाच्या संस्थाही कॉलेज म्हणवून घेत. म्हणून अट घातली गेली की प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने हायस्कूलमध्ये 14 ‘युनिट’ पुरी केलेली असावीत. एका विषयाचे वर्षभरातले सुमारे 120 तास म्हणजे एक युनिट. पेन्शन हवी तर ही अट पाळा. काही वर्षांतच देशभरच्या हायस्कुलांची वेळापत्रके या मापाने आखली गेली. कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने मुले कशी शिकतात याचा विचार करून ते 120 तास ठरवलेले नव्हते.

1910 मध्ये फाउंडेशनने मॉरिस कुक या अभियंत्याचा अहवाल छापला. कुक हे फ्रेडरिक टेलर यांचे अनुयायी. कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे ते टेलर. कुक यांनी आठ संस्थांचे पदार्थविज्ञान विभाग पाहिले आणि ‘विद्यार्थी-तास’ हे एकक सुचवले: एका विद्यार्थ्याचा व्याख्यानातला, प्रयोगशाळेतला किंवा वर्गातला एक तास. या एककावरून प्राध्यापकाचे काम, खोलीचा वापर, खर्च, सगळे ताडून पाहता येणार होते. विद्यार्थ्याचे शिकणे आणि शिक्षकाचे काम एकाच फूटपट्टीने मोजण्याची सवय इथे पक्की झाली. माझ्या मते श्रेयांकाच्या पुढच्या सगळ्या अडचणी या एका जोडणीतून आल्या आहेत.

ही फूटपट्टी अपुरी आहे हे पहिल्यांदा ठासून दाखवले ते फाउंडेशननेच. विल्यम लर्नेड आणि बेन वुड यांनी पेनसिल्व्हेनियातल्या हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि 1938 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही शाळकरी मुले पदवीच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरली होती. जमवलेली युनिट आणि डोक्यातले ज्ञान यांचा मेळ बसत नव्हता. तरी माप बदलले नाही, कारण तोवर शिक्षकांचे पगार, शुल्क आणि वेळापत्रके त्याच खुंटीला टांगलेली होती. पुढे 2010 च्या अमेरिकी संघराज्य नियमात आठवड्याला वर्गातला एक तास आणि बाहेरचे दोन तास काम, असे सुमारे पंधरा आठवडे, ही व्याख्या आली. बाहेरच्या दोन तासांची दखल निदान कागदावर घेतली गेली.

युरोपने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. इरॅस्मस योजनेत विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात काही महिने शिकायला जाऊ लागले. परत आल्यावर ते शिक्षण धरायचे कसे, यासाठी 1989 मध्ये श्रेयांक हस्तांतराची पद्धत सुरू झाली. तिथे माप लावले ते विद्यार्थ्याच्या कष्टाला. पूर्ण वर्षाचे 60 श्रेयांक, प्रत्येकी 25 ते 30 तासांचे; त्यात व्याख्यान, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सगळे आले. प्राध्यापकाने किती तास शिकवले हा त्या हिशेबाचा फक्त एक भाग.

आपल्याकडे 1857 ची मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर उभी राहिली. कॉलेजने शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. टर्म भरली, पेपर सुटले, संपले. मधला अभ्यास हिशेबात नव्हता. 1985 मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास असे धरले, आणि ते साहजिकच होते. जिथे रोजचा वर्ग नाही तिथे विद्यार्थ्याचेच तास मोजावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2015 ची निवडाधारित पद्धत पुन्हा तासिकेकडे वळली: सत्रभर आठवड्याला एक तासिका व्याख्यान किंवा दोन तासिका प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. मग 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला 1200 तास आणि 40 श्रेयांक, म्हणजे श्रेयांकाला 30 तास, असे ठरवले. म्हणजे एकाच पदवीच्या एकाच पेपरला आज दोन मापे लागू आहेत: एका श्रेयांकाला वेळापत्रकात 15 तासिका, आराखड्यात 30 तास. उरलेले 15 तास कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही.

हिशेब करून पाहा. सत्राचे 22 श्रेयांक धरले तर 660 तास. पंधरा आठवड्यांत ते बसवायचे म्हणजे आठवड्याला 44 तास, त्यातले निम्मे वर्गात. सकाळचे कॉलेज करून दुपारी दुकानात किंवा शेतात राबणाऱ्या मुलीला उरलेले 22 तास कुठून मिळणार? ते तास आपण अभ्यासक्रमात लिहीतच नाही, म्हणून तिची ओढाताणही दिसत नाही. पेपर सोपे होतात, नोट्स फिरतात, श्रेयांक जमा होतात.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत मात्र श्रेयांकांवरून घासाघीस होते, आणि ती का होते हे समजून घ्यायला हवे. विषयाचे श्रेयांक कमी झाले की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पद जाते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी एकेक तासिका म्हणजे घरचा किराणा आहे. त्याने विद्यार्थ्याच्या हिताचा विचार करून आपल्या तासिका सोडाव्यात, ही अपेक्षा अन्यायाची आहे. दोष त्याचा नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबण्याचा आहे. शिक्षकाचे पद आणि वेतन श्रेयांकापासून सुटे केले, तरच श्रेयांक विद्यार्थ्याचा होईल.

एवढे असूनही मला श्रेयांक हवा आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षी लग्न झाले, नोकरी लागली, घरी आजारपण आले की शिकलेली दोन वर्षे वाया जात. 2021 पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेले श्रेयांक कमाल सात वर्षे टिकतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुन्हा आत येता येते. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाला मोल देणारी अशी देशव्यापी सोय आपल्याकडे आधी नव्हती. पण जमा केलेला श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठाने स्वीकारला तरच त्याचा उपयोग, आणि तो स्वीकारताना समोरच्याला कळले पाहिजे की या दोन श्रेयांकांत विद्यार्थ्याने नेमके काय केले. ‘तासिका 30’ एवढ्यावरून ते कळत नाही.

म्हणून अभ्यास मंडळांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अभ्यासक्रम लिहाल तेव्हा तासिकांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा आणि विद्यार्थ्याने स्वतः काय वाचायचे, काय लिहायचे, कोणता प्रयोग किंवा पाहणी करायची आणि त्याला किती तास लागतील, ते त्यात लिहा. जो पेपर त्या तासांत बसत नसेल, तो लहान करा.